धुवायची राहिलेली प्लेट

दत्तू, काल तुझा तेरावा झाला. चुलतघरचे तळेगावला परत गेले, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला पोचती झाली, आणि आता घरात मी आणि ती प्लेट अशा दोघीच उरलो आहोत. तुझ्या शेवटच्या फोटोची काच, अजून औषधात न धुतलेली, लाकडी चौकटीत बंद, वर तुझं काळं फडकं, पेटीत सदऱ्यांच्या खाली. सोळा दिवस तिला कोणी हात लावलेला नाही. मीच ती तिथे ठेवली आणि मीच तिच्याकडे बघायचं टाळते. येताजाता पेटीवर नजर गेली की तांदूळ निवडायला घेते. घरात आता निवडायचा तांदूळ उरलेला नाही.

भेटायला येणारे एकच सांगतात, “उजेडाशी खेळला, उजेडानेच नेला.” ऐकून ऐकून माझं डोकं उठलं आहे. खेळ कसला? वीस वर्षं तू एकच काम केलंस, अंधारात उजेड कुठून सोडायचा आणि किती सोडायचा. परवा शाळेच्या बाई तेच बोलल्या तेव्हा मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. तू असतास तर म्हणाला असतास, “अक्का, जीभ आवर.” आता ते म्हणणारं कोणी नाही, म्हणून जीभ सुटली आहे.

मी सासरहून कायमची परत आले तेव्हा तू विशीतला होतास, पुण्याहून फोटोचं काम शिकून नुकताच लोणावळ्यात बोर्ड लावला होतास. घरी येणाऱ्या बायका माझ्या कपाळाकडे बघून उसासे टाकायच्या. तू उसासा टाकला नाहीस. एक काच उजेडासमोर उभी केलीस, माझ्या हातात टोकदार पेन्सिल दिलीस आणि म्हणालास, “रांगोळीत तुझा ठिपका कधी हलत नाही. ह्या माणसाच्या गालावरचे देवीचे वण बुजव बघू.” काचेवर सगळं उलटं, तोंड काळं आणि केस पांढरेशुभ्र. मी म्हटलं, हा कोण भुतासारखा? तू म्हणालास, “मोठे वकील आहेत, हळू बोल.” घरी आल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. तेव्हापासून लोणावळ्यातली निम्मी तोंडं मी आधी उलटी पाहिली आणि मग सुलटी. मला दोन वेळा जेवायला घालणारे पुष्कळ निघाले असते, दत्तू. काम तू दिलंस. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर डोक्यावर बसला असतास.

पण आपलं भांडण काही मिटलं नाही. मी म्हणायची, फोटोसाठी पूड पेटवतोस तो भडका समोरून दे, तोंड स्वच्छ येतं, गिऱ्हाईक खूश आणि माझंही काम सोपं. तू म्हणायचास, “समोरून दिला की माणूस कणकेच्या गोळ्यासारखा येतो. बाजूने दे, मागून दे, म्हणजे नाक नाकासारखं दिसतं आणि माणसाच्या मागे काय आहे तेही दिसतं.” मागे असायचं काय? भिंत, आणि भिंतीवर त्याची सावली, त्याच्या दुप्पट. मला त्या सावल्या कधी आवडल्या नाहीत. सावली म्हणजे काचेवर नुसती कोरी जागा, तिथे पेन्सिल टेकवायला काही नसतंच. मी तशी तक्रार केली की तू म्हणायचास, “म्हणूनच तर. तिथे तुला खोटं लिहिता येत नाही.” असा राग यायचा मला.

वडिवळ्याच्या पाटलांच्या आईचा फोटो आठवतोय? म्हातारीला उठवत नव्हतं, म्हणून तू माजघरातच कॅमेरा लावलास आणि भडका दिलास तो जात्याच्या बाजूने, खालून. म्हातारी इतकी खरी आली की पाटलांचे डोळे भरले. पण मागे भिंतीवर सावली उभी राहिली होती, वाकलेली, आणि म्हातारीच्या डोक्यावर हात धरल्यासारखी. तो हात म्हणजे खुंटीला अडकवलेल्या कोयत्याची मूठ होती. मला ठाऊक होतं, तुलाही ठाऊक होतं. आठ दिवसांनी म्हातारी गेली आणि गावभर झालं, “फोटूवाल्यानं भित्तीवर काळ हुबा क्येला.” तेव्हापासून वडिवळ्यात तुला कोणी उंबऱ्याच्या आत घेईना. तिथला एकटा धोंडिबा मात्र, भाताच्या कामातून मोकळा झाला की, तुझा कॅमेरा डोक्यावर घेऊन चालायला येत राहिला. तो म्हणाला होता, “नव्वदीची म्हातारी. सावली न्हाई पडायची तर काय पडंल?” तू हसलास. मी हसले नाही. त्यानंतर तुझी प्रत्येक काच हातात आली की मी आधी भिंत बघायची.

आणि मग तुला बेडशाच्या लेण्याचं वेड लागलं. आत काळोख, खांबांच्या दोन रांगा आणि शेवटाला दगडी स्तूप. तो तुला एका भडक्यात नको होता. दाराशी कॅमेरा लावायचा, दाराला घोंगडी धरायची, भिंगाची टोपी काढायची आणि भिंग तसंच उघडं ठेवायचं. मग त्या काळोखात तू एकटा आत फिरणार, अंगात काळा सदरा, तोंडाला काजळी. एक भडका डावीकडच्या खांबामागून, दुसरा उजवीकडून, तिसरा स्तुपाच्या आडून, आणि सगळे एकाच काचेवर. “उजेड दिसेल, अक्का, उजेड देणारा दिसणार नाही.” लांब वेताच्या टोकाला उदबत्त्यांचा जुडगा बांधून तू पूड दुरूनच पेटवायचास. आपल्या प्लेटला तांबडं दिसत नाही, म्हणून तो निखाराही फोटोत उमटत नसे. कुठे किती पूड ठेवायची हे तू मला पाटावर तांदळाचे दाणे मांडून समजावलंस. सहा वेळा तिथे गेलास. सहाही वेळा काहीतरी मनाजोगतं झालं नाही, आणि मी देवाचे आभार मानले. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पुडीचे नियम तूच घालून दिले होतेस. मॅग्नेशियम एका डबीत, पोटॅश दुसऱ्या डबीत. दोघांना एकत्र आणायचं ते जागेवर, पत्र्याच्या थाळीत, मोराच्या पिसाने, हलक्या हाताने. पोटॅश फोडायचा दगडी खल वेगळा, त्याला ओळखीला तांबडा दोरा. आणि पोटॅशला गंधकाचं तोंड दाखवायचं नाही. “त्या दोघांचं विहिणी-विहिणींसारखं आहे. नुसतं घासलं तरी भडकतात.” मला हे पाठ होतं. दत्तू, मला पाठ होतं.

लढाई सुरू झाल्यापासून विलायतेहून तयार पूड यायची थांबली आणि सगळं घरीच करावं लागे. भाद्रपदात आपल्या गावात काडी ओढावी तर तिचं डोकं निखळून येतं, तसे पोटॅशचेही दमट हवेने खडे झाले होते. त्याच आठवड्यात धोंडिबा त्याच्या धाकटीला, छबीला, घेऊन आला. पोरीच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज, तीन रात्री झोप नाही, खाजवून खाजवून हात रक्ताळलेले. मी खोबरेल तेलात गंधक घालून मलम करून दिलं. गंधक कुटायला स्वयंपाकाचा खल घेणार कशी? त्यात नैवेद्याची वेलची कुटतो आपण. तुझा खल हाताशी होता. माझ्या मनात आलं, हेही औषध आणि तेही औषध. कुटून झाल्यावर तीन पाण्यांनी धुतला, चुलीशेजारी वाळवला, दोरा पुन्हा बांधला. दगडाच्या बारीक भोकांत बसलेलं गंधक पाण्याने निघत नाही, हेही तूच कधीतरी सांगितलं होतंस. चार दिवसांनी तू म्हणालास, “अक्का, पोटॅश फोडून ठेव, उद्या बेडशाला जातो.” मी त्याच खलात फोडून ठेवलं. मला आठवलं नाही. ह्यापलीकडे माझ्याकडे सांगायला काही नाही.

सकाळी निघताना तू पोटॅशची डबी उघडून नाकाशी नेलीस. “अक्का, कसला वास येतोय?” मी चुलीपाशी होते. मान वळवली नाही. म्हटलं, “पावसाळ्यात सगळ्यालाच वास येतो. निघ आता, गाडी चुकेल.” तू डबी मिटलीस आणि गाडी पकडलीस.

पुढचं धोंडिबाच्या तोंडून ऐकलं. तो दाराबाहेर घोंगडी धरून उभा होता. घोंगडीच्या विणीतून पहिला भडका दिसला, मग दुसरा. आतून तू ओरडलास, “झकास!” मग बराच वेळ काही नाही. त्याने विडी पेटवली आणि घोंगडीची कड बोटभर सरकवून आत डोकावला. तेवढ्यात आत दिवस उगवल्यासारखं झालं. आवाजाने डोंगर हादरला, वटवाघळं बाहेर सुटली आणि त्यांच्या मागून भिंत चाचपत तू आलास, तो दाराशी येऊन पडलास. सदरा पेटला होता. धोंडिबाने घोंगडीत गुंडाळून विझवला. आणि तेव्हा तू काय बोललास? “भिंगाला टोपी लाव, येड्या, उजेड शिरतोय.” हे सांगताना धोंडिबा रडत होता आणि मला मेलीला हसू आलं. तुझ्यावाचून असं कोण बोलणार?

तीन दिवस तू होतास. डोळ्यांवर पट्टी, हात कापसात. डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलायला लागले तेव्हाच मी समजले. मी वारा घालत बसायची आणि दर थोड्या वेळाने तोंड उघडायची. खल, एवढा एक शब्द बोलायचा होता. तू पुन्हा त्या वासाचं विचारलं असतंस तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला बजावते. तू विचारलं नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालास, “अक्का, प्लेट...” मी वाकले. पुढचं आलंच नाही. धू म्हणणार होतास की राहू दे म्हणणार होतास? वीस वर्षं तुझी अर्धी वाक्यं मी पुरी करत आले. हे एक पुरं करायला माझी छाती होईना.

पण आता ते करायलाच हवं, आणि तेही धोंडिबापायी. काल तेराव्याला तो आला, पण पानावर बसेना. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. पायरीवर बसून म्हणाला, “अक्का, भाऊला म्या मारलं. घोंगडी म्या सरकावली. माज्या इडीची ठिणगी आत ग्येली.”

मी म्हटलं, “अरे, कुठे दार आणि कुठे दत्तू.”

“दाराशीच हुता की ओ. दाराशीच तर पडला.”

विडी त्याने सोडली आहे, ते एक बरं केलं. पण जेवणही सोडलंय. शेताकडे फिरकत नाही, आणि ज्याला त्याला स्वतःच्या तोंडाने सांगत सुटलाय. गावात बोलतात की त्या सावलीने एक नेला, आता दुसरा नेणार, आणि त्याच्याकडे बघून मलाही ते खोटं वाटेना. जाताना म्हणाला, “छबीला मामाकडं धाडली. माज्या ह्या हातांचं तिला काय बी नगं.”

तेव्हा ऐक. भिंग उघडंच होतं, म्हणून त्या शेवटच्या भडक्यातल्या दोन गोष्टी काचेवर आहेत. तू कुठे उभा होतास, आणि तुझ्या हातात काय होतं. तू दाराजवळ असलास तर धोंडिबाची विडी. हातात वेत असला तर पूड तूच पेटवलीस, अंदाज चुकला, नशीब म्हणायचं. आणि आत लांब असून हातात मोराचं पीस असलं, तर पूड कोणी पेटवलीच नाही. नुसती घासली आणि गेली. मग माझा खल. प्लेट धुतली नाही तर मला कायम म्हणता येईल की कोण जाणे. तेवढ्या आसऱ्यावर मी सोळा दिवस काढले आहेत, आणि त्या सोळा दिवसांत धोंडिबा निम्मा झाला आहे.

इथवर लिहून उठते.

*

धुतली.

भर दुपारी, तुझ्या खोलीची फट न् फट बुजवून, तांबडा कंदील लावून. भडका मोठा होता म्हणून औषध पातळ केलं, तू शिकवलं होतंस तसं. ताटली दोन्ही हातांनी सारखी हलवत राहिले. आधी स्तुपाची कड आली, मग एकामागून एक खांब. उलट्या काचेतसुद्धा मला कळलं, दत्तू. खांबांच्या सावल्या एकमेकींना कापत छतापर्यंत चढलेल्या, दगडावरचा छिन्नीचा घाव न् घाव दिसतोय, आणि मध्ये तो काळोख, आत यायला बोलावणारा. समोरून भडका दिला असतास तर तिथे नुसती दगडांची भिंत आली असती. वीस वर्षांचं भांडण तू जिंकलास. हे तुला ऐकायला मिळू नये?

मग तू आलास. अगदी शेवटाला, स्तुपाच्या शेजारी. दारापासून इतक्या लांब की विडीच्या ठिणगीला तिथे पोचायला पंख लागतील. वेत खांबाला टेकवून ठेवलेला, तुझ्यापासून चार हातांवर, कोणाच्याही हातात नाही. तू ओणवा. उजवा हात मनगटापर्यंत त्या काळ्या डागात, म्हणजे सुलट्यात शुभ्र उजेडात, बुडालेला. आणि बोटांच्या वर पिसाचा देठ निघालेला, रांगोळीच्या रेघेसारखा बारीक. पीसच होतं.

तुझ्या तोंडाकडे बघायला मला फार वेळ लागला. वाटलं होतं, तोंड वासलेलं असेल, ओरडत असशील. तू जीभ दातांत धरली होतीस. लहानपणी पतंगाची कन्नी बांधताना धरायचास तशी. माणसाला घाबरायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा भडक्याला लागत नाही. त्या काचेवर तू अजून कामात आहेस आणि काम मनासारखं चाललंय. मी तिथेच फरशीवर बसले आणि सोळा दिवसांचं रडून घेतलं.

काच वाळल्यावर पुढ्यात घेतली. पेन्सिल टोक काढून ठेवलेली होती, खरवडायचं पातंही. त्या देठाला लांबवून वेत करणं आणि खांबाचा वेत खरवडून टाकणं, माझ्या हाताला अर्ध्या तासाचं काम. धोंडिबाही सुटला असता आणि मीही. पेन्सिल उचलली. मग खालीच ठेवली. लोकांच्या तोंडांवर मी पुष्कळ खोटं लिहिलं, दत्तू, आणि त्यांना ते हवंही असायचं. तुझ्या ह्या फोटोवर मी हात फिरवणार नाही.

धोंडिबाला निरोप धाडला. तो आला, तेव्हा छापलेला फोटो त्याच्या हातात दिला. त्याने तो आधी कपाळाला लावला, मग बराच वेळ बघितला.

“ह्यो भाऊ?”

“हा दत्तू. दार इकडे, कॅमेऱ्याच्या मागे, आणि तू दाराबाहेर. खांब मोज.”

त्याने बोटाने एकेक खांब मोजला. पुन्हा मोजला.

“पडल्यावर न्हाई, आदी हितं हुता? येवड्या लांब?”

“एवढ्या लांब. तुझी विडी तिथे पोचत नाही, धोंडिबा.”

तो तोंडावर पंचा धरून हमसून हमसून रडला. मी रडू दिलं. मग पंचा खाली करून त्याने विचारलं, “मंग कशानं झालं, अक्का?”

ह्या प्रश्नाची मी तयारी केली होती. म्हटलं, “माझ्या हाताने. पोटॅश मी फोडलं होतं. त्यात काहीतरी मिसळलं. त्याने मला विचारलं, वास कसला येतोय, आणि मी उठून बघितलं नाही.”

“काय मिसाळलं आसंल?”

त्याचे हात पुढ्यातच होते. ज्या हातांचं पोरीला काही नको म्हणाला होता, ते. मी म्हटलं, “ते आता काय सांगू.” तुला सगळं सांगितलं आहे. त्याला एवढंच सांगितलं, आणि ह्याहून जास्त त्याला कधी सांगणार नाही.

तो माझ्यावर रागावला नाही, हात उगारला नाही. मी भाकरी वाढली. त्याने खाल्ली. दुसरी मागून घेतली, वर ताक प्यायला. फोटो नेतोस का विचारलं तर म्हणाला, “न्हाई. हितंच ऱ्हाऊ द्या, भाऊचं घर हितं.” पंचा खांद्यावर टाकून उठला. उंबऱ्यापाशी थांबला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

“उद्या छबीला आनतो मामाकडनं. तिची खरूज पार ग्येली बगा, अक्का. त्या पिवळ्या मलमानं.”

“बरं झालं,” मी म्हटलं. “अजून दोन दिवस लाव.”